आमच्या जमिनीची किंमत सांगणारा हा कोण?



कोर्टातल्या एका साक्षीची नक्कल आमच्यापुढे आहे. तलावात गेलेल्या जमिनीच्या वाढीव मोबदल्याचे प्रकरण. गाव सगळे कोरडवाहू, कापूस-तुरीचे आणि ज्वारीचे. गावातर्फे साक्ष द्यायला जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक नोंदणीकृत व्हॅल्युअर आणला होता. नावापुढे चार पदव्या, हातात चामडी बॅग. सरतपासणी पंधरा मिनिटांत आटोपली, अहवालावर निशाणी पडली. मग सरकारी वकील उठले.

"जमीन पाहायला आपण कधी गेला होता?"

"तारीख आता सांगता येणार नाही. उन्हाळा होता."

"शेतात काय उभे होते?"

"कापूस."

"महिना?"

"मे असावा."

मे महिन्यात कोरडवाहू रानात उभा कापूस! ज्या रानात त्या दिवसांत पऱ्हाटीसुद्धा उपटून झालेली असते, ढेकळे तापलेली असतात, तिथे या गृहस्थांना कापूस दिसला. त्यानंतर वकिलांनी एकामागून एक बारा अहवाल त्यांच्यापुढे ठेवले. बाराही गटांची जमीन "खोल काळी, कसदार व समतल". त्यातला एक गट टेकाडावरचा मुरमाड, दुसऱ्याच्या मधून नाला गेलेला. बाराही अहवालांत एकच मजकूर, फक्त गट नंबर आणि नाव बदललेले. नाल्याच्या मालकाला तर एका जागी शेजाऱ्याचेच नाव लागले होते. बदलायचे राहून गेले!

निकाल काय लागला असेल ते तुम्ही ओळखलेच असेल. तज्ज्ञाच्या मताला आधार नाही, ते विचारात घेता येत नाही, निवाड्यातला दर कायम. बारा घरांनी पोटाला चिमटा घेऊन जी वर्षे काढली ती एका दुपारी वाया गेली. व्हॅल्युअर मात्र आपली फी अगोदरच घेऊन गेला होता.

ही गोष्ट आम्ही हसण्यासाठी सांगत नाही. गेल्या काही बैठकांत वेगवेगळ्या तालुक्यांतून आलेली कागदपत्रे आम्ही पाहिली. तलाव, कालवा, रस्ता, पुनर्वसनाची गावठाणे, औद्योगिक वसाहत, कारण काही असो, प्रत्येक बस्त्यात असा एक अहवाल सापडतोच. त्यांतले कोर्टात टिकले असे फार थोडे. म्हणून हा विषय जिल्हा बैठकीपुढे ठेवायचे ठरले.

सिद्ध करायचे कोणी?

पहिली गोष्ट समजून घ्या. भूसंपादन अधिकारी जो निवाडा देतो, तो कोर्टाच्या नजरेत न्यायनिवाडा नव्हे. तो सरकारने आपल्याला देऊ केलेला भाव. 1988 साली पुण्याच्या जमिनीच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे स्वच्छ सांगितले आहे. निवाड्याविरुद्धचा अर्ज म्हणजे अपील नव्हे. तिथे सगळे नव्याने सिद्ध करायचे असते आणि दिलेला भाव कमी आहे हे दाखवण्याची जबाबदारी शेतकऱ्यावर असते.

म्हणजे न्याय कसा बघा. जमीन आमची, विकायची इच्छा आमची नाही, घेणारा सरकार, भाव ठरवणारा सरकारचाच अधिकारी, आणि भाव चुकला आहे हे सिद्ध करायचे आम्ही! बाजारात व्यापाऱ्याने पाटी उचलून नेली, मनाला येईल तेवढे पैसे टेबलावर टाकले आणि वर म्हणाला, कमी वाटत असतील तर साक्षीदार आण. त्यातलाच हा प्रकार. 1978 च्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून टाकला, त्या दिवसापासून आपण या टेबलाच्या चुकीच्या बाजूला उभे आहोत.

पण त्याच निकालाची दुसरी बाजू वकील मंडळी आपल्याला फारशी सांगत नाहीत. अधिकाऱ्याने निवाडा देताना जी खरेदीखते पाहिली, जे तक्ते लावले, तेसुद्धा कोर्टात हजर करून शाबीत केल्याशिवाय पुरावा होत नाहीत. निवाड्यात लिहिले आहे म्हणून ते खरे, असे सरकारी वकिलाला म्हणता येत नाही. ही गोष्ट किती जणांच्या वकिलांनी कोर्टापुढे मांडली? आम्ही पाहिलेल्या बस्त्यांत ती मांडलेली आम्हाला दिसली नाही.

आता तज्ज्ञाचे. जुन्या पुरावा कायद्याचे 45 वे कलम होते. 1 जुलै 2024 पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात ते 39 वे कलम झाले. एखाद्या विषयाचे खास ज्ञान असलेल्या माणसाचे मत कोर्ट ऐकते, एवढाच त्याचा अर्थ. ऐकते म्हणजे मानतेच असे नाही. मताला कारणे लागतात, कारणांना कागद लागतात, आणि ते मत देणाऱ्याला पिंजऱ्यात उभे राहून उलटतपासणीला तोंड द्यावे लागते. नुसता अहवाल बस्त्यात लावून ठेवला की काम झाले, असे समजणाऱ्यांनी तो अहवाल रद्दीत घातला तरी फरक पडणार नाही.

या कलमात पदवीचा उल्लेख नाही. खास ज्ञान असलेला माणूस, एवढेच कायदा म्हणतो. जुन्या कलमात शास्त्र आणि कला हे शब्द होते, नव्या कलमात "अन्य कोणतेही क्षेत्र" हेही आले. मग चाळीस वर्षे एकाच शिवारात वखर चालवणारा, कोणत्या धुऱ्याला पाणी लागते आणि कोणत्या पट्ट्यात बोंड अगोदर फुटते हे डोळे मिटून सांगणारा म्हातारा खास ज्ञानाचा नाही आणि मे महिन्यात कापूस पाहणारा तेवढा आहे, हे कोणी ठरवले? कोर्ट त्या म्हाताऱ्याला तज्ज्ञ म्हणेलच असे आम्ही म्हणत नाही. पण जमिनीच्या वर्णनाला पहिला साक्षीदार तो, आणि व्हॅल्युअर त्याच्या मागून. आज क्रम उलटा चालला आहे.

टक्केवारीची टोळधाड

हे व्हॅल्युअर गावात येतात कसे? ते येत नाहीत, आणले जातात. त्यांना आणणारा एजंट असतो. कधी तो वकिलाचा माणूस असतो, कधी तलाठी कार्यालयाच्या पायरीवर बसणारा, कधी कालपर्यंत पुढाऱ्याच्या जीपमध्ये फिरणारा. तो म्हणतो, "एक पैसा देऊ नका. कोर्टाचा, वकिलाचा, व्हॅल्युअरचा सगळा खर्च माझा. पैसे आले की अमुक टक्के मला." कोऱ्या कागदावर सह्या घेतो आणि बँकेचे पासबुकही ठेवून घेतो.

यात त्याचा एवढा जीव का गुंततो, त्याचा हिशेब मांडून बघू. जुन्या 1894 च्या कायद्याखालचे प्रकरण धरा, कारण 2014 पूर्वी निवाडा झालेली पुष्कळ प्रकरणे अजून त्याच कायद्याखाली चालू आहेत. समजा, दोन हेक्टर जमीन गेली. निवाड्यात हेक्टरी 1,00,000 रुपये मिळाले आणि कोर्टाने 1,80,000 धरले. फरक हेक्टरी 80,000, दोन हेक्टरचे 1,60,000. त्यावर 30 टक्के दिलासा रक्कम, म्हणजे 48,000. अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत दीड वर्ष गेले असेल तर दरसाल 12 टक्क्यांप्रमाणे 28,800. बेरीज झाली 2,36,800. यावर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी 9 टक्के आणि पुढे दरवर्षी 15 टक्के व्याज. प्रकरण बारा वर्षे रेंगाळले तर व्याजच 4,12,032 रुपये. एकूण 6,48,832.

म्हणजे दीड लाखाच्या फरकाचे साडेसहा लाख झाले. त्यात एजंटाने तिसरा हिस्सा मारला तर मूळ फरकापेक्षाही जास्त रक्कम तो घेऊन गेला! जमीन आमची गेली, बारा वर्षे मजुरी आम्ही केली, आणि उशिराचे व्याज खाल्ले त्याने. अशा माणसाला प्रकरण लवकर निकाली निघण्यात रस कशाला असेल?

टक्केवारीचा दुसरा तोटा याहून मोठा आहे. ज्याला निकालाच्या रकमेत वाटा आहे त्याच्या शब्दाला कोर्टात किंमत राहत नाही. सरकारी वकिलाला एकच प्रश्न विचारायचा असतो, "तुमची फी कशी ठरली?" कंपनी कायद्याखालच्या 2017 च्या नियमांनी नोंदणीकृत मूल्यांकनकारांना आचारसंहिता घालून दिली आहे. स्वतंत्र मूल्यांकनकार म्हणून काम करताना निकालावर अवलंबून असलेली फी घेऊ नये, असे त्यात लिहिलेले आहे. फी लेखी ठरवावी, हेही आहे. तुमच्या व्हॅल्युअरने एजंटाशी टक्का ठरवला असेल तर तो पिंजऱ्यात चढण्यापूर्वीच पडलेला असतो.

आणि तो एकटा पडत नाही. जुन्या कायद्याचे 28-अ कलम आणि नव्या 2013 च्या कायद्याचे 73 वे कलम पाहा. एका शेतकऱ्याला वाढीव दर मिळाला, तर त्याच अधिसूचनेत जमीन गेलेला आणि अर्ज न केलेला शेजारी त्या निकालापासून तीन महिन्यांत अर्ज करून आपला मोबदला पुन्हा ठरवून मागू शकतो. चांगली चाललेली एक साक्ष अख्ख्या गावाला उपयोगी पडते. वाईट चाललेली साक्षही अख्ख्या गावाला बाधते, कारण पुढच्या प्रत्येक प्रकरणात सरकारी वकील तोच पहिला निकाल पुढे करतो. गावातले पहिले प्रकरण कोणाचे आणि त्यात साक्ष कोणाची, हा त्या एका घराचा खाजगी प्रश्न नव्हे.

तोट्याच्या शेतीची किंमत

आता मुळाशी येऊ. जमिनीची किंमत काढायच्या व्हॅल्युअरच्या दोन मुख्य रीती. एक, आजूबाजूच्या विक्रीवरून. दुसरी, जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाला वर्षांच्या गुणकाने गुणून. शेतजमिनीला हा गुणक बहुधा 10 धरतात, फळबागेला 8.

कापसाच्या कोरडवाहू रानाला ही दुसरी रीत लावून बघा. बियाणे, खत, फवारणी, डवरणी, निंदण, वेचणी, बैलांचा चारा, घरच्या माणसांची मजुरी, भांडवलाचे व्याज, सगळे धरले आणि बाजारात पडलेला भाव धरला, तर किती वर्षी निव्वळ उत्पन्न उरते? उणे उत्पन्नाला दहाने गुणा. उत्तर काय येईल? आमची काळी जमीन फुकटात नेली तरी सरकारचे आमच्याकडे काही येणे निघेल!

आपण गेली कित्येक वर्षे गावोगाव सांगत आलो की शेती तोट्यात आहे. एका प्रकरणात सरकारी वकिलाने शेतकऱ्याला नेमके हेच ऐकवले, "तुमचीच संघटना म्हणते शेतीत काही उरत नाही, मग हेक्टरी एवढी किंमत कशाची मागता?" त्या बिचाऱ्याला उत्तर सुचले नाही. उत्तर आहे, आणि ते पाठ करून ठेवा. शेती तोट्यात आहे ती जमिनीमुळे नाही, भावामुळे. आणि भाव पडला नाही, पाडला आहे. महाराष्ट्रात 1972 पासून सुमारे तीस वर्षे कापसाची एकाधिकार खरेदी होती. आपला कापूस दुसऱ्या कोणाला विकायची मुभा नव्हती, सीमेपलीकडे चांगला भाव असला तरी गाडी नाक्यावर अडवली जात होती. एकाधिकार गेला, तरी निर्यातबंदी आली, आयातीची दारे हवी तेव्हा उघडली. 2010 साली कापसाच्या निर्यातीला लगाम घातला, 2012 साली पुन्हा बंदी घातली. ज्या सरकारने आमच्या मालाचा भाव पाडला, तेच सरकार त्या पडलेल्या भावाचा हिशेब करून आमची जमीन विकत घ्यायला येते. एकाच घरात दोनदा दरोडा घालण्याचा हा प्रकार आहे आणि दुसऱ्या वेळी दरोडेखोर सोबत पंचनामा घेऊन येतो.

तेव्हा कोरडवाहू जमिनीला उत्पन्नाची रीत लावणारा व्हॅल्युअर आपल्या उपयोगाचा नाही, तो कितीही मोठा असो. सुदैवाने कोर्टांचाही कल विक्रीच्या दाखल्यांकडे असतो. उत्पन्नाचा हिशेब झाडांसाठी ठेवा. धुऱ्यावरचा आंबा, बोर, चिंच, मोह, संत्र्याची चार ओळी असतील तर त्या, यांची किंमत वेगळी मागता येते. मात्र एक ध्यानात असू द्या. जमिनीची किंमत उत्पन्नावरून मागायची आणि त्याच झाडांची वेगळी मागायची, असे दोन्ही हातांनी घेता येत नाही. असे अहवाल आम्ही पाहिले आहेत आणि ते सपशेल आपटलेले पाहिले आहेत. जमीन मोकळ्या जमिनीच्या विक्रीवरून मोजली असेल तर विहीर आणि झाडे वेगळी धरता येतात. 2011 साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तसे म्हटले आहे.

व्हॅल्युअर हमखास विसरतात तो कडबा. ज्वारीचे उत्पन्न म्हणून दाण्याची पोती मोजतात आणि थांबतात. ज्याच्या दावणीला बैल आहे त्याला विचारा, दुष्काळी वर्षात दाणा महत्त्वाचा की कडबा. अशा वर्षी कडब्याच्या पेंढीचा भाव कुठे जाऊन बसतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण शहरातल्या माणसाच्या कोष्टकात कडब्याला रकानाच नाही. पऱ्हाटीला तर नाहीच, जिच्यावर वर्षभर चूल पेटते.

आपली खोटी खरेदीखते

विक्रीची रीत बरी म्हटले तर तिथेही खड्डा आहे, आणि तो निम्मा आपणच खणला आहे.

चार लाखांचा व्यवहार करायचा आणि खरेदीखतात दोन लाख लिहायचे. मुद्रांक शुल्क वाचले, विकणाऱ्याला रोख मिळाले, दोघेही खूश. पाच वर्षांनी त्याच शिवारातून रस्ता गेला की भूसंपादन अधिकारी तेच खरेदीखत काढून आपल्यापुढे ठेवतो. दुय्यम निबंधकापुढे आपणच अंगठा देऊन सांगितलेला भाव! आता कोर्टात जाऊन "साहेब, ते खोटे होते, खरा भाव दुप्पट होता" असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? काही हजारांचे शुल्क वाचवायला आपण साऱ्या शिवाराची किंमत निम्मी करून ठेवली. हे कटू वाटेल. पण सरकारला शिव्या घालताना हे झाकून ठेवायचे नाही.

तरीही सगळा दोष आपला नाही. गावातली खरेदीखते कोणती असतात ते बघा. मुलीच्या लग्नासाठी, दवाखान्यासाठी, सावकाराचे व्याज भागवण्यासाठी, नापिकीच्या वर्षी विकलेला एकर दोन एकर. खुशीने विकणारा आणि खुशीने घेणारा यांच्यात जो भाव ठरतो तो बाजारभाव, असे कायद्याची पुस्तके म्हणतात. गळ्याला फास लागलेल्या माणसाच्या विक्रीला बाजारभाव म्हणायचे असेल तर शब्दाचा अर्थच बदलावा लागेल. शिवाय घेणारा तरी कोण? शेतकरी नसलेल्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राचे कुळकायदे वेगवेगळे, पण ही अट सगळ्यांत आहे. कारखानदाराला आपली गिरणी कोणालाही विकता येते, आम्हाला आमची जमीन फक्त आमच्यासारख्याच कंगाल माणसाला विकता येते. दावणीला बांधलेल्या या बाजारातला भाव म्हणे खरा भाव! व्हॅल्युअरने हे मुद्दे आपल्या अहवालात कारणांसह लिहायला हवेत. लिहिणारा आम्हाला अजून भेटायचा आहे.

2013 च्या कायद्याने थोडी सुधारणा केली, ती नाकारायचे कारण नाही. तीन वर्षांतल्या आसपासच्या खरेदीखतांपैकी वरच्या भावाची निम्मी घ्यायची आणि त्यांची सरासरी काढायची. मुद्रांकाच्या कायद्यातला दर, म्हणजे ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो, आणि ही सरासरी यांत जो जास्त तो धरायचा. ग्रामीण भागात त्याला 1 ते 2 चा गुणक आणि वर 100 टक्के दिलासा. 1994 साली यवतमाळच्या पलीकडच्या आदिलाबादच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मुद्रांकाच्या दरतक्त्यावरून बाजारभाव ठरवता येत नाही असे म्हटले होते. आज त्याच तक्त्याचा दर कायद्यानेच आधार म्हणून आणला. यामुळे काही लोक म्हणतात, आता व्हॅल्युअर लागतो कशाला, सगळे गणितच आहे. हे खरे नाही. गणित कोणत्या खरेदीखतांवर करायचे, "सारखी जमीन" कोणती, तुमचा गट जिरायत की बागायत, या प्रश्नांवर सगळा दर फिरतो. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नसेल तर दहा वर्षे ओलीत केलेले रान एका फटक्यात जिरायत होते.

रेडी रेकनरच्या पाचपट म्हणून समृद्धी महामार्गाच्या वेळी गाजावाजा झाला. पाचपट कशाच्या, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. मूळ आकडाच मेलेला असला तर त्याला पाचाने गुणून जिवंत होत नाही. आणि ज्यांनी सरळ खरेदीखत करून दिले त्यांना नंतर 64 व्या कलमाखाली दाद मागायला काही उरले नाही. शक्तिपीठ महामार्गाच्या मोजणीला 2024 पासून गावोगाव विरोध झाला, त्यामागे हा अनुभवही आहे.

राष्ट्रीय महामार्गात जमीन गेली असेल तर आणखी सावध राहा. तिथे वाद लवादापुढे जातो आणि लवाद केंद्र सरकारनेच नेमलेला, बहुधा महसूल खात्याचाच अधिकारी. 2021 साली सुप्रीम कोर्टाने सांगितले की लवादाचा निवाडा कोर्टाला रद्द करता येतो, रक्कम वाढवून देता येत नाही. 2025 मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने फेरफाराची थोडी वाट मोकळी केली, पण ती अरुंदच आहे. तेव्हा "लवादाचे होऊ दे, खरी साक्ष कोर्टात देऊ" असे कोणी सांगत असेल तर तो तुम्हाला बुडवतो आहे. व्हॅल्युअर, खरेदीखते, मातीचा दाखला, सगळे लवादापुढेच आले पाहिजे.

मग साक्षीदार हवा कसा?

बांधावर आलेला हवा. पायाखालची माती उकरून पाहिलेला हवा. जमीन पाण्याखाली जाण्यापूर्वी, रोलर फिरण्यापूर्वी आलेला हवा. म्हणजे अधिसूचना निघाली त्या महिन्यात त्याला बोलवायचे, निवाडा झाल्यावर चार वर्षांनी नव्हे. त्याने प्रत्येक गटाचा वेगळा अहवाल लिहावा, मुरमाडाला मुरमाड म्हणावे. एका गटाला हलके म्हटल्यानेच दुसऱ्याला भारी म्हटलेले कोर्टाला पटते. बांधकामाचे मोजमाप करणारा इंजिनियर घराच्या किमतीसाठी ठीक आहे, पण त्याला शेताची माती विचारू नये. संपत्तिकराच्या जुन्या नियमांतसुद्धा शेतजमिनीच्या मूल्यांकनकारांचा वर्ग वेगळा होता. आपल्याकडे मात्र बंगल्याचा व्हॅल्युअर शेतावर सर्रास चालतो.

मातीसाठी नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आहे, अकोल्याला आणि परभणीला कृषी विद्यापीठे आहेत. त्यांच्याकडे मातीचे नकाशे आहेत, पिकांचे आणि खर्चाचे आकडे आहेत. ही सगळी यंत्रणा कराच्या पैशावर चालते. त्यांचा शास्त्रज्ञ कोर्टाच्या समन्सने साक्षीला बोलावता येतो. आमच्या पाहण्यातल्या एकाही प्रकरणात तो बोलावलेला नाही. खरेदीखतांच्या प्रमाणित नकला जुन्या कायद्याच्या 51-अ कलमाखाली पुराव्यात येतात, त्यासाठी विकणाऱ्याला कोर्टात उभे करण्याची सक्ती नाही. 2004 साली सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी हा घोळ मिटवला. तरी अजून वकील "साक्षीदार मिळत नाही" म्हणून तारखा घेतात.

आणि पिंजऱ्यात फक्त आपलाच माणूस का? निवाडा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला, जमिनीची प्रतवारी करणाऱ्याला, झाडे मोजणाऱ्याला बोलवा. कोणत्या महिन्यात आला होतात, गट कोणत्या बाजूने पाहिला, विहिरीला पाणी किती होते, हे त्यालाही विचारले गेले पाहिजे. त्यानेही तहसीलच्या खुर्चीत बसूनच शिवार पाहिले असणार.

आपल्यातले काही जुने कार्यकर्ते म्हणतात, या कोर्टकचेरीच्या नादी लागू नका, रस्त्यावर बसू तेव्हाच सरकार ऐकते. आम्हीही रस्त्यावर बसलो आहोत, तुरुंगातही गेलो आहोत, ते नाकारत नाही. पण ज्यांची जमीन गेली, त्यांची बारा वर्षांची तारीख रास्ता रोकोने लागत नाही. जमीन घेऊच नये म्हणून लढायचे तर ते रस्त्यावर. घेतली गेली असेल तर मोबदल्याच्या प्रत्येक रुपयासाठी कागदावर लढायला हवे. या दोन कामांचा एकमेकांशी झगडा नाही.

जिल्हा बैठकीपुढे ठराव असा येणार आहे: टक्केवारीवर काम करणाऱ्या कोणत्याही व्हॅल्युअरला वा एजंटाला संघटनेचा कार्यकर्ता गावात आणणार नाही. आणला तर तो कार्यकर्ता राहणार नाही. व्हॅल्युअरची फी गावाने वर्गणीने, ठरलेल्या रकमेत, पावती घेऊन द्यायची. अहवाल कोर्टात देण्यापूर्वी गावात वाचून दाखवायचा आणि त्यात मे महिन्यात कापूस उभा असेल तर तिथेच फाडायचा. ठरावावर वाद होईल. काही वकील मित्र नाराज होतील, त्यांनीही यावे.

बैठकीला येताना ज्यांची जमीन गेली किंवा जाणार आहे त्यांनी सातबारा, आठ-अ, अधिसूचनेची आणि निवाड्याची नक्कल, नोटीस हाती पडल्याची तारीख, आणि व्हॅल्युअरचा अहवाल झाला असेल तर तो सोबत आणावा. रक्कम उचलताना "हक्क राखून" असे लिहिले होते की नाही ते पावतीवर पाहून यावे. निवाड्याला सहा आठवडे व्हायचे असतील त्यांनी बैठकीची वाट पाहू नये, आधी अर्ज टाकावा आणि मग यावे. ज्यांनी एजंटाकडे कोऱ्या कागदावर सह्या दिल्या आहेत त्यांनी लाजू नये, पहिल्या रांगेत येऊन बसावे. त्यांची प्रकरणे आधी घेणार आहोत.